पुलापाशी एक विधवा

१

सारकिम पुलाजवळ मेला, आणि दिवेलागणीच्या आत आमच्या चिकेम्बांग गावाने त्याला चोर ठरवून टाकलं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, ही मोठीच सोय.

मी सुहाएती. चिकेम्बांग स्टेशनच्या खिडकीमागे बसून जाकार्ताची आणि बोगोरची तिकिटं देण्यात माझा जन्म गेला. लोक मला तोंडावर बू एती, म्हणजे एतीबाई, म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. तिकिटाच्या खिडकीतून माणसाचा हात आधी दिसतो, चेहरा नंतर. सारकिमचा हात मी हजारात ओळखला असता. रुंद, जाड, बोटांच्या पेरांवर जुने चटके. त्या हाताने कधी कुणाच्या परड्यातलं केळं तोडलं असेल यावर माझा विश्वास बसला नसता, मग रेल्वेचं तांबं तर लांबच.

त्याचं काम तांब्याचंच होतं. विजेवर चालणाऱ्या गाडीला वीज वरच्या तारेतून मिळते हे शेंबडं पोरही सांगेल, पण ती वीज परत जाते रुळांतून. आता रूळ पडले तुकड्यातुकड्यांचे. दोन तुकडे जिथे भेटतात तिथे गंज चढतो, आणि गंजातून वीज जात नाही. म्हणून प्रत्येक सांध्यावर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी बसवतात. एक टोक या रुळाच्या भोकात ठोकायचं, दुसरं पलीकडच्या. रूळ उन्हाने फुगोत, रात्री आखडोत, चाकाखाली हालोत, ती त्यांच्याबरोबर वाकते आणि वीज पलीकडे नेते. आम्ही सगळे तिला वेणी म्हणतो. सारकिम या वेण्या बसवणाऱ्या टोळीचा मुकादम होता.

काही महिन्यांपासून वेण्या चोरीला जात होत्या. कापलेलं तांबं भंगारवाला डोळे मिटून घेतो. वरचे साहेब चोर शोधून थकले होते, आणि तेवढ्यात पुलाजवळच्या सांध्यावर सारकिम सापडला. विजेने मेलेला, शेजारी त्याची कॅनव्हासची पिशवी, आणि पिशवीत कापलेल्या जुन्या वेण्या. चौकशीला आलेला साहेब जीपमधून खालीसुद्धा उतरला नाही. चोरी करताना मेला, असं सांगून तो जेवायला बोगोरला निघून गेला.

चोराच्या बायकोला रेल्वेची खोली मिळत नाही. सातव्या दिवसाची प्रार्थना आटोपली की खोली रिकामी करा, असा निरोप आला. आमच्याकडे मयत झालं की आळीतल्या बाया पदराआड वाडग्यातून तांदूळ घेऊन जातात आणि त्या घरच्या रांजणात ओततात. चोराच्या घरी कोण जाणार? उलट दफनाच्या दुसऱ्या दिवशी सारकिमची बायको जुबाएदाच रिकामं वाडगं घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"बू, थोडे तांदूळ द्याल? प्रार्थनेला येतील त्यांच्या पानात काही तरी घालायला हवं."

मी वाडगं भरलं. रेल्वेच्या वाट्याचा तांदूळ त्याच आठवड्यात आला होता, माझ्या डोळ्यांदेखत सारकिमने पोतं खांद्यावरून नेलं होतं, हे मला आठवलं. पण अशा वेळी माणूस विचारतं थोडंच.

"एदा, तू मनाला लावून घेऊ नकोस गं," मी म्हटलं. "तो चोर नव्हता हे मला माहीत आहे."

तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. "चोर नव्हताच तो, बू," ती म्हणाली. "चोर असता तर बरं झालं असतं."

२

चौकशी पुन्हा व्हावी असा अर्ज मीच केला होता. रेल्वेच्या सुरक्षा खात्यातून जो माणूस आला त्याला बघून मला अर्ज केल्याचा पश्चात्ताप झाला. पाक सितोरुस, म्हणजे सितोरुससाहेब, सुमात्रातल्या बाताक जमातीचा. देहाने कपाट, आवाजाने भोंगा. आमच्याकडे माणूस आधी हवापाण्याचं बोलतो, मग मुलाबाळांचं, मग कॉफी येते, आणि मग कामाचं. हा बूट काढता काढताच विचारायचा, "तुम्ही त्याला मारलंत का?" त्याला आमची सुंदा बोली येत नव्हती. म्हणून दुभाषी म्हणून मला बरोबर घेतलं, आणि खिडकीवर शिकाऊ बसवला.

जुबाएदाने चटई अंथरली, कॉफी ठेवली आणि ती लसूण सोलत बसली. खोली लहानच. एका कोपऱ्यात चूल, चुलीशेजारी तांदळाचा मातीचा रांजण. रांजणाच्या झाकणावर चटणी वाटायचा दगडी पाटा ठेवलेला.

"हे कशाला?" सितोरुसने विचारलं. त्याला काही बघितलं की विचारल्याशिवाय राहवत नसे.

"उंदीर फार झालेत," जुबाएदा म्हणाली.

"नवरा तांबं विकायचा?"

मी त्याचं वाक्य जरा मऊ करून सांगितलं. ती मान खाली घालूनच म्हणाली, "घरात मासा आठवड्यातून एकदा शिजतो. विकलं असतं तर दोनदा शिजला असता."

"मग पुलापाशी कशाला गेला होता? सुट्टीचा दिवस होता त्याचा."

लसणाची पाकळी तिच्या बोटांत तशीच राहिली.  मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बू, हे सांगताना जसंच्या तसं सांगा. आदल्या संध्याकाळी तो कुंपणाशी उभा राहून त्याच्या टोळीतल्या एमोनशी बोलत होता. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. म्हणाला, 'पुलापाशी एक विधवा आहे. उद्या शाळा सुटायच्या आत जाऊन तिचं लग्न उरकतो. कुठे बोलू नकोस.' आणि हसले दोघं."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. माझीच कानशिलं तापली.

"दुसरं लग्न करणार होता तो," जुबाएदा म्हणाली. "माझ्यात काय कमी होतं ते तरी सांगून जायचं."

पुलापाशी विधवा एकच होती, आणि ती कोण हे आळीतल्या कोंबड्यांनाही माहीत होतं.

३

ओनेंगची टपरी पुलाच्या पलीकडच्या टोकाला. तळलेली केळी, आंबवलेला कसावा, कॉफी. नवरा गेल्यापासून तिच्या नावावर गावातले निम्मे पुरुष चिकटवून झाले होते. सितोरुसचा प्रश्न ऐकून तिने झारा कढईत आपटला.

"मेला म्हणून आता तोही माझा का? छान. स्टेशनमास्तर राहिलाय, त्यालाही घाला माझ्या पदरात."

"तो त्या दिवशी इथे आला होता?" सितोरुसने विचारलं.

"आला होता. उभ्या उभ्या कॉफी प्यायला. माझ्या तोंडाकडे बघितलंही नाही, रुळांकडे बघत होता." तिचा आवाज खाली आला. "म्हणाला, 'ओनेंग, मी कामाला लागतो. शाळेची पोरं आली तर रुळावर पाय ठेवू देऊ नकोस. काठीने हाकल, पण थांबव.' मी म्हटलं, पोरं काय माझं ऐकतात? तर म्हणाला, 'माझी पण त्यात आहे गं.' मग पुलाकडे गेला. मी केळी तळत होते. थोड्या वेळाने बघते तर तो पडलेला, आणि एमोन ओरडत येतोय."

पलीकडच्या वस्तीतली पोरं पुलावरूनच शाळेला जातात, दुसरा रस्ता नाही. त्यांचा खेळ मी कितीदा पाहिला आहे. एकाने एका रुळावर चालायचं, दुसऱ्याने दुसऱ्यावर, हात धरून, जो आधी पडेल तो हरला. सारकिमची मुलगी नुनुंग त्यात पटाईत.

सितोरुस त्या सांध्याशी गुडघे टेकून बसला. वेणी नव्हतीच. पण रुळांतली दोन्ही भोकं चकचकत होती. आजूबाजूचा सगळा लोखंडाचा भाग गंजाने लाल, आणि भोकांच्या कडा नव्या पैशासारख्या.

"बू एती," तो म्हणाला, आणि प्रथमच हळू बोलला, "पिशवीतल्या वेण्या मी पाहिल्यात. टोकं नाहीत त्यांना. चोराने मधली वेणी कात्रीने कापून नेली आणि टोकं भोकांतच ठोकलेली ठेवली. इथली टोकं कुणी तरी ठोकून बाहेर काढलीत, आणि भोकं पॉलिशच्या कागदाने घासलीत. चोरी करणारा माणूस जाताना झाडूपोतेरं करून जातो का?"

"सारकिम नवी वेणी बसवत होता," मी म्हटलं.

"मग ती नवी वेणी कुठाय?"

आम्ही खडीत शोधलं, पुलाखाली शोधलं, ओढ्याच्या गवतात शोधलं. ती कुठेच नव्हती.

४

एमोन धुतलेला शर्ट घालून आला. तो सारकिमला आकांग म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ, आणि त्याच्या घरी जेवायचा. डोळे सुजलेले होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन.

"मी कशालाही हात लावला नाही, पाक," तो म्हणाला. "सकाळी त्या वाटेने गेलो तेव्हा सगळे सांधे धड होते. दुपारी परत येतो तर आकांग त्या विधवेपाशी उताणा पडलेला. पिशवी बाजूला. मला तर काही सुचेना."

"ओनेंगपाशी? ओनेंगची टपरी पलीकडे आहे."

"ओनेंग नाही हो." त्या दुःखातही त्याला किंचित हसू आलं. "सांध्यापाशी. आमच्या टोळीतलं बोलणं आहे ते. बायामाणसांसमोर बोलायचं नसतं." माझ्याकडे बघून त्याने मान खाली घातली.

सितोरुसने त्याला जाऊ दिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठलेच होते. आमच्या आळीत टोळीची बोली जाणणारा म्हातारा एकच, आबाह जुमांता. निवृत्त झाल्यावर तो आळीतल्या मयतांना अंघोळ घालायचं काम करतो. सारकिमला त्यानेच घातली होती.

"चावट बोली आहे आमची," आबाह म्हणाला. "रेल्वे झाली तेव्हापासूनची. दोन रूळ म्हणजे नवराबायको. नवी वेणी म्हणजे नवरी. ती बसवली की लग्न लागलं. दुरुस्तीसाठी आम्ही स्वतः वेणी काढली तर म्हणायचं, माहेरी गेली. घरात कुणी बोलत नाही हे. बायको लाटणं घेऊन मागे लागेल."

"आणि विधवा?"

"वेणी चोराने नेली की तो सांधा विधवा. तिच्या जवळपास जायचं नाही. गाडी दोन स्टेशनं लांब असली तरी रुळातली वीज तिथे येऊन तटते. दोन्ही तुकड्यांना एकदम हात लावला की वीज माणसातून पलीकडे जाते. रुळावर खेळणारी पोरं, ओल्या पायांची... एखादा पाय अलीकडे, एखादा पलीकडे." 

मला सारकिमचं ते वाक्य आठवलं. पुलापाशी एक विधवा आहे, उद्या शाळा सुटायच्या आत तिचं लग्न उरकतो. किती साधं होतं ते.

"त्याचे हात कसे होते, आबाह?" सितोरुसने विचारलं.

"तेच तर मी त्या जीपवाल्या साहेबाला सांगायला गेलो होतो. त्याने काच वर केली. जुन्या वेण्यांना काळं वंगण असतं. एकदा हातात धरली की नखांत आठवडाभर राहतं, मी सांगतो ना. सारकिमची नखं स्वच्छ होती. तांबूस धूळ तेवढी होती, घासल्याची. आणि उजव्या तळव्यावर भाजल्याचा ठसा. वेणीचा. टाका न् टाका उठला होता, बारीक, जवळजवळ. जुनी वेणी चेपून सपाट होते, तिचा असा ठसा उठत नाही. नव्या नवरीचा हात धरून गेला तो."

 सितोरुस बोटांवर मोजावं तसं सावकाश बोलायला लागला. "एमोन म्हणतो, सकाळी सांधा धड होता. म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणे दुपारी सारकिमने वेणी काढली आणि मेला. टोळीच्या मुकादमाच्या हातून वेणी निघाली तर एमोनच्या तोंडात काय यायला हवं?"

"माहेरी गेलेली," मी म्हटलं.

"पण त्याच्या तोंडात आलं, विधवा. सारकिम तिथे पोचायच्या आधीच ती चोराने नेलेली होती, हे एमोनला ठाऊक होतं. सारकिमने कुंपणाशी सांगितलं म्हणून ठाऊक होतं, तर मग सगळे सांधे धड होते असं खोटं का बोलला?"

नवी वेणी एमोनच्या घराच्या कौलांखाली सापडली. तिच्या एका टोकाला जळल्याचा काळा डाग होता.

५

एमोन पळाला नाही की भांडला नाही. स्टेशनच्या बाकावर बसून त्याने सगळं सांगितलं. महिनोन् महिने वेण्या तोच कापत होता. पुलाजवळचीही त्यानेच कापली. सारकिमला त्याचा संशयसुद्धा आला नव्हता, उलट त्यालाच विश्वासाने सांगितलं.

"मी म्हटलं, आकांग, परवा दोघं जाऊ. तो म्हणाला, पोरं काय परवापर्यंत घरी बसणार आहेत? दुपारी मी गेलो ते बघायला, की त्याला काही कळलंय का. तर तो पडलेला. गार झाला होता, पाक. मी त्याला मारलं नाही. माझ्या थैलीत कापलेल्या वेण्या होत्या, त्या मी त्याच्या पिशवीत भरल्या आणि नवी काढून घेतली. मेलेल्याला काय फरक पडतो, असं वाटलं तेव्हा."

"आणि केबल?" सितोरुसने विचारलं.

"कुठली?"

"जाड केबल, दोन चिमटेवाली. आबाहने सांगितलंय मला. सांध्याला हात लावायच्या आधी ती दोन्ही रुळांना चिमट्याने जोडायची. मग वीज केबलमधून जाते आणि माणूस मोकळ्या हाताने काम करतो. तुमच्यातला कुणीही ती लावल्याशिवाय बसत नाही म्हणे. ती कुठे विकलीस?"

"नव्हतीच ती," एमोन म्हणाला. "कुराणावर हात ठेवून सांगतो. पिशवीत हातोडा होता, पॉलिशचा कागद होता, खिळा होता. केबल नव्हती. मला पण नवल वाटलं. आकांग तर आम्हाला शिव्या द्यायचा, केबल विसरलो की. रोज घरी न्यायचा ती, आमच्यापैकी कुणी विकेल म्हणून."

पोलीस एमोनला घेऊन गेले. आम्ही दोघं फलाटावर राहिलो. दुपारच्या शेवटच्या गाडीची धूळ खाली बसत होती.

"त्या दिवशी एक रिकामं इंजिन वेळापत्रकाबाहेर सोडलं होतं," सितोरुस म्हणाला. "स्टेशनमास्तरने सांगितलं. सारकिमने दोन गाड्यांमधली वेळ धरली होती. केबल नाही तर नाही, गाडी नसताना रुळात वीज नसते, असा हिशेब. इंजिन आलं आणि हिशेब चुकला. पण केबल का नाही? जन्मभर जी आधी लावली, ती नेमकी त्याच दिवशी घरी विसरला?"

घरी, हा शब्द त्याने उच्चारला. मला एक रिकामं वाडगं आठवलं. त्याच आठवड्यात पोतंभर तांदूळ आलेला असताना शेजाऱ्याच्या दारात आलेलं. आणि झाकणावरचा दगडी पाटा.

 तिकीट विकणारीचा चेहरा गिऱ्हाइकाने वाचू नये, हा नियम त्या दिवशी मला पाळता आला नाही.

"उंदीर," सितोरुस म्हणाला. "मी पण त्याचाच विचार करतोय. उंदराला दगड कशाला लागतो, लाकडी झाकण पुरतं."

"पाक, सोडून द्या," मी म्हटलं. "चोर सापडला. सारकिमचं नाव धुऊन निघालं. तिची खोली राहील, त्याच्या मागचं तिला सगळं मिळेल. आणखी काय हवंय तुम्हाला?"

"मला काही नको. पण तिला काय सांगू? तिचा नवरा चोर नव्हता एवढंच सांगितलं, तर ती मरेपर्यंत समजेल की तो दुसऱ्या बाईसाठी मेला. आणि विधवा म्हणजे काय ते सांगितलं, तर..."

त्याने वाक्य सोडून दिलं.  एवढा धिप्पाड माणूस, बाकावर बसून आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"उद्यापर्यंत आळीतली पोरं गाणं करतील त्या शब्दाचं," मी शेवटी म्हटलं. "दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा तुम्हीच सांगा. पण हळू बोला. तुमच्या त्या आवाजात नको."

६

सातव्याच्या प्रार्थनेला सगळी आळी आली. खरी बातमी आमच्याआधी पोचली होती, फक्त त्या शब्दाचा अर्थ तेवढा पोचला नव्हता. इतके दिवस ज्या बाया त्या दारावरून तोंड फिरवून जात होत्या, त्या आता पदराआड वाडगी घेऊन रांगेने येत होत्या. मला त्यांचा संताप आला. आणि दुसऱ्याच क्षणी ध्यानात आलं, त्या सगळ्या चुलीकडे निघाल्या होत्या, रांजणाकडे.

मी मधे जाऊन उभी राहिले. "इकडे द्या, माझ्या परातीत ओता."

"परातीत कशाला, बू? मयताचा तांदूळ रांजणातच ओतायचा असतो," कुणी तरी म्हणालं.

"मला नका शिकवू. आठवडाभर कुठे होता तुमचा तांदूळ?"

 परात भरत गेली. मागच्या दाराशी सितोरुस जुबाएदासमोर जमिनीवर बसला होता. त्याला सुंदा येत नव्हती, आणि हे मलाच सांगावं लागणार होतं. मी परात सोडून तिथे गेले. तो एकेक वाक्य बोलत होता, खरोखर हळू, आणि मी ते तिला देत होते. रूळ म्हणजे नवराबायको. वेणी म्हणजे नवरी. चोराने नेली की विधवा. शाळेची पोरं. नुनुंग.

"दुसरी कुणी नव्हती, एदा," मी माझ्याकडचं जोडलं. "कधीच नव्हती."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, लग्नाच्या दिवशी होता तसा. फार थोडा वेळ. मग तो चेहरा जागच्या जागी थांबला आणि मला माझी नजर खाली करावी लागली.

ती उठली. बायांच्या मधून चुलीपाशी गेली, दगडी पाटा दोन्ही हातांनी उतरवला, झाकण काढलं, आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला. काळी जाड केबल बाहेर आली. चिमट्यांच्या दातांत तांदळाचे दाणे अडकले होते. कुणाला काही कळलं नाही. त्यांना वाटलं, नवऱ्याची वस्तू जपून ठेवली होती बिचारीने.

केबल घेऊन ती आमच्यापाशी येऊन बसली.

"सकाळी विचारलं त्याने मला," ती म्हणाली. "'एदा, केबल पाहिलीस का?' मी म्हटलं, मला काय माहीत. सगळं घर शोधलं. मी इथेच बसून मिरच्या वाटत होते. ही नसली की कामाचं निमित्त करून तो बाहेर पडणार नाही असं वाटलं मला. एवढंच वाटलं होतं. तर हसला आणि म्हणाला, 'असू दे, शाळा सुटेल तोवर.' मला वाटलं, किती घाई आहे मेल्याला तिची."

मी हे सगळं सितोरुसला सांगितलं की नाही, मला आठवत नाही. बहुधा नाही. त्याला कळलंच होतं.

"बू," तो म्हणाला, "केबल सापडली नाही असं मी वर कळवलं आहे. मला ही केबल दिसत नाही." मी ते तिला सांगितलं.

"मला दिसते ना," जुबाएदा म्हणाली.

तेव्हा ती रडली. आठवडाभराचं रडणं होतं ते. बाया धावल्या, तिला पोटाशी धरलं, म्हणाल्या, रड बाई, रड, किती चांगला माणूस होता तो. त्या तिला गप्प करायला जे जे सांगत होत्या त्यातला शब्द न् शब्द तिला आत लागत होता, आणि मी त्यांना थांबवू शकत नव्हते.

पुढे काही दिवसांनी टोळीने तीच नवी वेणी त्या सांध्यावर बसवली. टोक घासून डाग काढला होता. आबाह जुमांता मुद्दाम गेला होता, जुबाएदाही गेली. केबल तिनेच नेली. चिमटे तिने स्वतः लावले, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि ठोकाठोक संपेपर्यंत पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली. त्या दुपारी पोरं नेहमीसारखी हात धरून रुळांवरून गेली. नुनुंग पुढे होती.

संध्याकाळी जुबाएदा माझ्या दारात आली. हातात माझं वाडगं, तांदळाने शिगोशीग भरलेलं. मी दिले होते त्याहून किती तरी जास्त होते.

"अगं, ठेव तुलाच," मी म्हटलं. "एवढेसे तांदूळ परत कसले करतेस."

"घ्या बू," ती म्हणाली. "आता रांजण उघडाच असतो."